शालनताईंनी गाडी वाढवली

"मानवी संस्कृतीचा पाया शेतीत नाही, अग्नीत नाही, आणि चाकात तर मुळीच नाही. तो यादीत आहे. आपल्याजवळ काय काय आहे हे ज्या दिवशी माणसाने एकाखाली एक लिहून काढलं, त्या दिवशी तो माणूस झाला."

हे मी दस्तगीर मुजावरच्या ऑम्लेटच्या गाडीपुढे उभा राहून, उजवा हात जरासा उंचावून म्हणालो. दस्तगीरने तव्यावरचं ऑम्लेट उलटलं.

"चाकात न्हाई कसं?" तो म्हणाला. "चाक न्हाई तर ही गाडी घरनं हितवर डोक्यावर आणू काय?"

माझ्या शेजारी खासनीस होते. ते माझ्या कानाशी आले. "चाक वगळा," ते हळूच म्हणाले. "अग्नीही वगळा. त्याच्याकडे दोन्ही आहे."

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कऱ्हाडातल्या एका साप्ताहिकात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून नुकताच निवृत्त झालो होतो. खासनीस बँकेतून निवृत्त झाले होते आणि त्यांनी दोन महिन्यांचा संगणकाचा वर्ग पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवलं होतं. नवीन पोहायला शिकलेला माणूस जसा काठाकाठाने बुडणारे शोधत हिंडतो, तसे ते त्या प्रमाणपत्रानंतर हिंडत होते. त्यांना मी सापडलो.

कल्पना त्यांची. गावातल्या खाण्याच्या सगळ्या गाड्यांची एक यादी करायची आणि ती इंटरनेटवर टाकायची. कुठली गाडी कुठे उभी असते, तिथे काय मिळतं, किती वाजेपर्यंत मिळतं, सगळं माणसाला घरबसल्या मोबाईलवर दिसावं. मजकूर माझा, यंत्र त्यांचं. नाव मी दिलं, 'गाडेसूची'. पहिल्या आठवड्यात तीन फोन आले. तिघांनाही जुनी जीप विकत हवी होती.

सुरुवात आम्ही तहसील कचेरीच्या मागच्या भिंतीपासून केली. तिथे तेव्हा अकरा गाड्या लागायच्या. भिंतीवर चुन्याच्या उभ्या रेघा मारलेल्या होत्या आणि दोन रेघांमधली जागा ज्याची त्याची. कुणी बाजारहाटाला गेलं, गावी गेलं, आजारी पडलं तरी त्याच्या रेघांत दुसरं कुणी जायचं नाही. पण एखाद्याने धंदा कायमचा सोडला, की दुसऱ्या दिवशी त्याची जागा शेवटच्या माणसाला मिळायची. शेवटची जागा गटाराला लागून होती, त्यामुळे शेवटचा माणूस नेहमीच जागा असायचा. त्या वर्षी शेवटचा होता प्रवीण डाके, 'ड्रॅगन चायनीज'वाला.

खासनीसांनी छापील फॉर्म केला होता. त्याने आमचे फार हाल केले. नाव लिहायचं तर पाटीवर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरंच. 'स्थापना वर्ष' विचारलं तर दस्तगीर म्हणाला, नवा पूल झाला त्याच्या आदल्या साली. कुठला नवा पूल म्हणून विचारलं, तर म्हणाला, जुना. 'वैशिष्ट्य' या रकान्यापाशी त्याने बराच विचार केला आणि सांगितलं, "लिवा, आजवर कोण आजारी पडलं न्हाई." मी ते लिहिलं. खासनीसांनी वैद्यकीय पुरावा नसल्याने काढून टाकलं.

दस्तगीरच्या शेजारी, कडुनिंबाच्या सावलीत, शालन डुबल यांची अप्प्यांची गाडी होती. भिंतीची सगळ्यांत चांगली जागा ती. पाटी 'न्यू वसंत स्नॅक्स'. जुनं वसंत स्नॅक्स कधीच नव्हतं, वसंता हे त्यांच्या नवऱ्याचं नाव. त्याने ही गाडी स्वतः पत्रा कापून बनवली आणि तीन वर्षं चालवून तो गेला. पुढे पंधरा वर्षं शालनताई तीच चालवत होत्या. बिडाचं अप्पेपात्र, शेंगदाण्याची चटणी, आणि गाडीवर कमरेत वाकलेल्या शालनताई. मी त्यांना दुसऱ्या कुठल्या अवस्थेत पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं झालं तरी त्या वाकूनच मान तेवढी वर करायच्या.

त्या दिवशी मी फॉर्म घेऊन गेलो तेव्हा त्यांचा एक हात अप्पे उलटत होता आणि दुसरा कमरेवर होता. माझ्या प्रश्नांना त्या नीट उत्तरं देत होत्या, पण मधूनमधून तोंड वाकडं करत होत्या. शेवटी आपण होऊनच म्हणाल्या, की काका, आता होत न्हाई, कंबर ऱ्हायली न्हाई, डाक्तर म्हणतोय की असंच चाललं तर अंथरूण धरशीला. आणि मग सोमवारचं सांगितलं. मी वहीत लिहिलं, 'सोमवारी गाडी वाढवते.'

लिहिलं आणि माझा हात थांबला.

पुढे काहीच विचारलं नाही. विचारायचं नसतं. दोन अप्पे जास्त मागून घेतले, गरज नसताना, आणि चटणी न लावताच खाल्ले.

संध्याकाळी खासनीसांच्या घरी संगणकापुढे बसलो. ते भराभर भरत होते. नाव, पदार्थ, वेळ. मी वहीतलं वाक्य वाचून दाखवलं.

"वाढवते?" ते खूश होऊन म्हणाले. "वा! म्हणजे विस्तार. धंदा जोरात आहे."

मला चाळीस वर्षांत इतकी चांगली संधी क्वचित मिळाली होती. मी चष्मा काढला. खासनीसांना सांगितलं, की आपली भाषा सभ्य आहे. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बायकांची बांगडी फुटत नाही, वाढवते. घरातून निघताना आपण जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. आणि व्यापारी माणूस दुकान बंद करत नाही, दुकान वाढवतो. बंद हा शब्द तो तोंडातून काढत नाही. एका साध्या बाईने पंधरा वर्षांचा धंदा मोडताना तो शब्द टाळला, आणि तुम्ही म्हणता धंदा जोरात आहे.

खासनीसांचा चेहरा उतरला. "मला हे बँकेत कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

"बँकेत बंदच म्हणतात."

त्यांच्या यंत्रात 'स्थिती' म्हणून एक रकाना होता आणि त्यात दोनच पर्याय होते, 'चालू' आणि 'कायमची बंद'. मधलं काही नव्हतं. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, अर्थ गेला तरी चालेल, पण भाषेच्या बाबतीत माझ्याकडून चूक होणार नाही. हे वाक्य त्या वेळी मला फार चांगलं वाटलं. खासनीसांनी 'कायमची बंद' दाबलं, 'येत्या सोमवारपासून' असं जोडलं, आणि खाली मी चार ओळींचा निरोप लिहिला. 'कडुनिंबाची सावली तीच राहील, अप्प्यांचा वास मात्र आता आठवणीत' अशी त्याची सुरुवात होती. बाकीच्या तीन ओळी सुदैवाने मी विसरलो आहे.

तोवर आमची गाडेसूची खासनीसांची सून आणि जीपवाले तिघे एवढ्यांनीच पाहिली होती. पण तो निरोप कुणीतरी उचलला आणि मोबाईलवरून मोबाईलवर पाठवायला सुरुवात केली. शुक्रवारी संध्याकाळी भिंतीपाशी गेलो तर न्यू वसंत स्नॅक्सपुढे रांग होती. माणसं शांतपणे उभी होती आणि खालच्या आवाजात बोलत होती. एरवी चटणीवरून हुज्जत घालणारे कचेरीतले दोन कारकून हात पुढे बांधून उभे होते. सगळी सुसंस्कृत मंडळी. कुणीही बंद हा शब्द काढला नाही. मला गावाचा अभिमान वाटला.

शनिवारी गर्दी वाढली. रविवारी दुपारी चारलाच पीठ संपलं. मी गेलो तेव्हा शालनताई अप्पेपात्र पुसत होत्या, अर्थात वाकून.

"काका," त्या म्हणाल्या, "ह्या लोकांना झालंय तरी काय?"

"प्रेम आहे."

"आन आजवर कुठं हुतं?"

"असतंच. पण एखादी गोष्ट…" मी अडखळलो. "एखादी वेळ आली की वर येतं."

"त्या कन्याशाळंच्या बाई आल्त्या. खण दिला, नारळ दिला. म्हटलं घरी काय कार्य हाय का, तर डोळंच पुसाय लागल्या. मग मी बी इचारलं न्हाई." त्यांनी आवाज खाली आणला. "त्यांच्या घरचं कोण गेलं का ओ?"

"माझ्या तरी कानावर नाही."

"मग तुमी बी जपून बोला त्यांच्याशी."

स्वतःचं एवढं चाललेलं असताना या बाईला दुसऱ्याच्या दुःखाची काळजी. मी विचारलं, वसंताच्या हातची गाडी, तुम्हाला काहीच वाटत नाही का?

"वाटतं की. त्येनं मापं घेऊन घेऊन केल्ती," त्या म्हणाल्या. "पर त्येच्यासाठी किती वरसं वाकायचं?"

मी नमस्कार केला. त्यांनी गोंधळून हातातल्या फडक्यासकट नमस्कार केला.

सोमवारी दोन रेघांमधली जागा मोकळी होती. कडुनिंबाखाली तेवढा एक प्लास्टिकचा निळा पिंप होता. मी थोडा वेळ तिथे उभा राहिलो. दस्तगीर माझ्याकडे बघत होता आणि मी दस्तगीरकडे बघायचं टाळत होतो.

मंगळवारी त्या जागेवर ड्रॅगन चायनीज उभं होतं. पिंप भिंतीच्या टोकाला, गटाराजवळ गेला होता.

मला वाईट वाटलं, पण आश्चर्य नाही. नियमच तो. खासनीस मात्र बँकवाले, ते प्रवीणपाशी जाऊन म्हणाले, दोन दिवस तरी थांबायचंस. प्रवीणने हातातली कढई खाली ठेवली, मोबाईल काढला आणि आमचीच गाडेसूची आमच्यापुढे धरली.

"कायमची बंद," त्याने वाचून दाखवलं. "तुमीच लिवलंय. पुढचं बी वाचू का, सावलीचं?"

"नको," मी म्हणालो.

दस्तगीर इतका वेळ अंडी फेटत होता. तो थांबला. "कोण बंद?" त्याने विचारलं.

"शालनताई."

"कोण म्हणतंय?"

"त्याच म्हणाल्या. गाडी वाढवते म्हणाल्या."

"हां, वाढवाय दिलीया न्हवं का. विद्यानगरच्या रस्त्याला, वेल्डिंगवाल्याकडं. परवा येतीया. मला म्हणाली पिंपावर ध्यान ठेवा, तर मी आज नमाजाला गेलो आन ह्यो मधीच घुसला. मी भांडलो तर मला मोबाईल दावतोय. मला वाटलं, आता मोबाईलमधीच हाय म्हटल्यावर बाईनं मला न सांगता बेत बदलला असंल."

मी खासनीसांकडे पाहिलं. खासनीसांनी माझ्याकडे पाहिलं. वेल्डिंगवाल्याकडे जाऊन गाडी बंद कशी करतात हे आम्हा दोघांनाही समजेना. खासनीसांना हळूहळू उजाडत होतं, आणि ते उजाडणं माझ्याच तोंडावर पडत होतं.

"अळतेकर," ते म्हणाले, "मी म्हटलं होतं. विस्तार."

बुधवारी सकाळी आम्ही वेल्डिंगच्या दुकानात गेलो. दारातच गाडी उभी होती, ठोकळ्यांवर, चाकं काढून ठेवलेली. लांबी तेवढीच होती. रुंदीही तेवढीच होती. खासनीसांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि त्यांचा विस्तार कुठे दिसेना. मग आम्ही एकदमच पाहिलं. खालची चौकट आणि वरचा पत्रा यांच्यामधले चारही अँगल कापून मध्ये नवे तुकडे जोडले होते. आणि गाडीच्या पलीकडे शालनताई ताठ उभ्या होत्या, कोपर दुमडून, आणि वेल्डिंगवाला जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत टेप धरून उकिडवा बसला होता.

"नऊ इंच," तो म्हणाला. "नऊ इंच कमी हुती बाई तुमची गाडी."

वसंता बुटका होता. त्याने गाडी केली ती स्वतःच्या मापाने. शालनताई त्याच्याहून चांगल्या हातभर उंच, आणि पंधरा वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण पंधरा वर्षं त्यांना कुणी सरळ उभं पाहिलंच नव्हतं. डॉक्टरने विचारलं, काम काय करता, आणि गाडीची उंची किती. दुसरा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. म्हणाला, गाडी वाढवून घ्या, नाहीतर सोडा.

मी खिशातली वही काढली. मला काहीतरी आठवत होतं आणि ते आठवू नये असंही वाटत होतं. त्या दिवशीचं पान काढलं. त्यांचं वाक्य मी आधी जसंच्या तसं लिहिलं होतं, 'सोमवारी गाडी वाढवून घेते.' मग चाळीस वर्षांच्या सवयीने 'वाढवून घेते' मधला फापटपसारा छाटून मी तिथे नीटनेटकं 'वाढवते' केलं होतं. बाजूला, समासात, मुद्रितशोधकाची खूणसुद्धा होती. सुबक.

खासनीसांनी ते पान पाहिलं आणि, त्यांचा मोठेपणा, वही मिटून माझ्या खिशात परत ठेवली.

आता सांगणं भाग होतं. जागा, प्रवीण, पिंप, मोबाईल, सगळं मी सांगितलं. शालनताई कोपर तसंच दुमडून ऐकत होत्या. खण आणि नारळाचा उलगडा झाला तेव्हा त्यांच्या तोंडावर क्षणभर काहीतरी हललं, पण ते हसू नव्हतं. त्यांनी गाडीच्या नव्या अँगलवर हात ठेवला.

"म्हंजे मी हितं गाडी उंच करतीया," त्या सावकाश म्हणाल्या, "आन उभी कराय जागाच न्हाई."

"चूक माझी आहे."

"गटारापाशी अप्पे कोण खातंय काका? पंधरा वरसं त्या झाडाखाली काढली. ती जागा गेली तर ही गाडी उंच करून घरात शोकेस करू?"

"मला वाटलं, तुम्ही बंद करताय."

"मग इचारायचं हुतं की."

"असं विचारत नाहीत, शालनताई."

"कोण इचारत न्हाई?" त्या म्हणाल्या.



दुपारी चार वाजता भिंतीपाशी सगळे जमले. दहा गाडीवाले, आम्ही दोघं, आणि शालनताई, ज्यांच्या उंचीकडे सगळे चोरून बघत होते. मी सुरुवात शब्दांच्या अर्थच्छटांपासून करणार होतो. पहिलं वाक्य झाल्यावर दस्तगीर म्हणाला, काका, आधी चुकलं म्हणा, छटा मागनं.

"चुकलं," मी म्हणालो. "त्या कायमची बंद म्हणाल्याच नव्हत्या. ते मी लिहिलं."

चाळीस वर्षांत मी हजारो लोकांच्या चुका लाल शाईने दाखवल्या होत्या. हा शब्द तोंडी उच्चारायला किती लहान आहे, हे तेव्हा कळलं.

प्रवीणने मान हलवली. तो काही वाईट माणूस नव्हता. "मला कुठं हौस हाय बाईंची जागा घ्यायची?" तो म्हणाला. "पर तुमचं तोंडी मी कसं धरू? मी मोबाईल बघून आलो, मोबाईल बघूनच जानार. तितं लिवा."

रास्त होतं. खासनीसांनी मोबाईल काढला. नेट मंद होतं. पडद्यावर एक गोल चक्र फिरत राहिलं आणि दहा गाडीवाले त्या चक्राकडे, आत कुणाचं तरी ऑपरेशन चालू असल्यासारखे, बघत राहिले. शालनताई मात्र मोबाईलकडे बघत नव्हत्या. त्या कडुनिंबाकडे बघत होत्या. एकदाची नोंद उघडली. खासनीसांनी 'चालू' दाबलं. यंत्र ऐकेना. 'बंद असण्याचे कारण लिहा. हा रकाना आवश्यक आहे,' असं लाल अक्षरात आलं.

"हे कुणी घातलं?" मी विचारलं.

"मीच," खासनीस म्हणाले. "शिस्त असावी म्हणून."

आता कारण काय लिहायचं? बंद झालीच नव्हती, तर कारण कुठलं? 'चुकीची नोंद' लिहावं तर खासनीसांना ते यंत्रावर ठपका आल्यासारखं वाटत होतं. 'दुरुस्ती' लिहावं तर प्रवीण म्हणाला, म्हंजे मधे बंद हुती की न्हाई, मग मी बरोबर. 'गैरसमज' लिहू, तर कुणाचा, असा प्रश्न निघाला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दहा मिनिटं गेली. चक्र थांबलेलं, माणसं थांबलेली.

"लिवा की," दस्तगीर म्हणाला, "मराठी."

खासनीसांनी लिहिलं. कारण, मराठी. यंत्राने ते निमूटपणे घेतलं आणि न्यू वसंत स्नॅक्स चालू झालं.

प्रवीणने पडदा स्वतः वाचला, दोनदा वाचला, मग गाडीचे खांब धरून ती मागे ओढायला लागला. त्याची कढई अजून गरम होती, म्हणून दस्तगीरने ती फडक्यात धरून मागोमाग नेली. पिंप परत कडुनिंबाखाली आला. जाता जाता प्रवीण थांबला.

"त्या यादीत मी हाय का?"

नव्हता. गटाराच्या वासाने आम्ही दहाव्या गाडीवरून परत फिरलो होतो. खासनीसांनी तिथेच उभ्या उभ्या त्याची नोंद केली. वैशिष्ट्य विचारलं. "समजूतदार," असं शालनताईंनी सांगितलं, आणि ते वैद्यकीय पुराव्याशिवाय राहू दिलं.

गुरुवारी पाच वाजता गाडी आली. दस्तगीरने एका बाजूने ढकलली, शालनताईंनी दुसऱ्या बाजूने. चुन्याच्या रेघांमध्ये बसली. मग त्या पत्र्यामागे गेल्या, पदर खोचला, आणि उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. अप्पेपात्र त्यांच्या कोपराखाली आलं होतं. त्यांनी पहिला अप्पा उलटला तो समोर बघत, मान सरळ ठेवून. पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक आणि त्यांना या बाईचा चेहरा आज पहिल्यांदा समोरून दिसत होता. कचेरीतला एक कारकून दुसऱ्याला म्हणाला, ह्या त्याच का? कन्याशाळेच्या बाई आल्या, गाडीकडे बघितलं, शालनताईंकडे बघितलं, काहीच न कळून मागे वळल्या आणि परत येऊन रांगेत उभ्या राहिल्या.

मी रांगेत नव्हतो. मी बाजूने गेलो होतो, कारण माझ्या हातात कागद होता. आदल्या रात्री मी क्षमापत्र लिहिलं होतं. दीड पान. तीनदा तपासलं होतं आणि या वेळी एकही शब्द छाटला नव्हता. ते आधी त्यांना वाचून दाखवायचं आणि मग गाडेसूचीवर कायमचं ठेवायचं असं मी ठरवलं होतं. खासनीस माझ्या मागे, गंभीर चेहऱ्याने, मोबाईल उघडून तयार होते.

मी खाकरलो. चष्मा नीट केला. "शालनताई," मी वाचायला सुरुवात केली, "ज्या भाषेने मला आयुष्यभर पोसलं, तिच्याच एका क्रियापदाने माझ्या हातून आपल्या पंधरा वर्षांच्या…"

"काका," त्या वरून म्हणाल्या.

मी थांबलो. त्या माझ्याकडे बघत होत्या. खरोखरच वरून बघत होत्या, मला मान वर करावी लागली.

"बोला, शालनताई."

"गाडी वर गेली, पर खालचा कप्पा तितंच ऱ्हायला. आन डाक्तर म्हणलाय वाकायचं न्हाई. तेवढा पिठाचा डबा वर द्या."